घरच्या आवारात पोहण्याचा तलाव : शौक करण्यापूर्वी हिशेब करा

नागपूरचा उन्हाळा कसा असतो हे नागपूरकरांना सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. पंचेचाळीस अंश तर येथे जवळपास दरवर्षीचेच. त्यामुळे हाती थोडा पैसा आला आणि इतवारी-मोमिनपुऱ्याच्या दाट वस्तीतून बाहेर पडून काटोल रोड किंवा कोराडी रोडकडे मोकळ्या जागेचे घर बांधले, की मुले पहिली मागणी करतात ती पोहण्याच्या तलावाची. व्यापारी वर्गात हा शौक अलीकडे वाढला आहे.

शौक वाईट नाही. परंतु तलाव ही खरेदी करून घरात ठेवण्याची वस्तू नव्हे. तो एक छोटासा कारखाना आहे. त्याला रोज पाणी लागते, वीज लागते, औषध लागते आणि राखण लागते. माझा धंदा कापडाचा. कापड घेताना आम्ही केवळ रंग पाहत नाही. पन्हा, वजन, सूत आणि धुतल्यावर ते किती आटते हेही पाहतो. तलावाच्या बाबतीतही ‘आटते किती’ हाच पहिला प्रश्न आहे.

पाण्याचा हिशेब

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा घरगुती तलाव धरू. त्यात सुमारे ३८,००० लिटर पाणी मावते, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळपास आठ टँकर. हे झाले एकदा भरण्याचे. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

आपल्याकडे मे महिन्यातील हवा कोरडी असते आणि दुपारी लू वाहते. अशा हवेत उघड्या तलावाची पातळी रोज साधारण एक सेंटीमीटर उतरते असे धरून चालावे. तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. म्हणजे रोज ३२० लिटर पाणी हवेत गेले. महिन्याला सुमारे साडेनऊ हजार लिटर, म्हणजे दोन टँकर. मार्चपासून पाऊस येईपर्यंत शंभर दिवस आणि रोजची सरासरी ८ मिलिमीटर धरली तरी २५,००० लिटरहून अधिक पाणी उडते. तलावाचे दोन तृतीयांश पाणी कोणी न पोहताच नाहीसे होते.

याच उडण्यामुळे पाणी थंड राहते, हेही खरे आहे. आपला कूलर ज्या नियमाने चालतो तोच नियम येथे लागू आहे. कोरडी हवा ओल्या ताट्यांतून जाताना पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. म्हणून मे महिन्यात कूलर चांगला चालतो आणि जुलैच्या दमट हवेत निकामी होतो. तलावाचेही तसेच. कडक उन्हाळ्यात उघडे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. त्यामुळे पाणी गार करण्याच्या यंत्रावर नागपुरात पैसा घालण्याचे कारण नाही. सावली आणि फिकट रंगाची लादी एवढे पुरेसे आहे. गडद निळी किंवा काळी लादी दिसायला सुंदर, पण ती ऊन पिते.

आता हे पाणी आणायचे कोठून? नागपूरची तहान मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी भागवते. २०१९ साली पाऊस लांबला, तोतलाडोह धरण तळाला गेले आणि जुलै महिन्यात महानगरपालिकेला शहराचा पुरवठा एक दिवसाआड करावा लागला. त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे मे महिन्यातील सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला होता. मैदानाच्या पाण्यावर जेथे एवढा प्रश्न उभा राहतो, तेथे शेजारी टँकरच्या रांगेत उभे असताना आपल्या आवारात आठ टँकर भरलेले दिसणे शोभणारे नाही. नळाच्या पाण्यावर तलाव चालवण्याचा इरादा असेल तर तो प्रथम सोडून द्यावा.

मार्ग आहे तो पावसाचा. नागपुरात वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १,१०,००० लिटर पाणी येते. गळती आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी वजा केले तरी ८०,००० लिटर हाती लागते. तलाव पावसाळ्यात याच पाण्याने भरावा. सोबत पंधरा हजार लिटरची जमिनीखालची टाकी बांधून ती उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी आणि उरलेले पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये मुरवावे. तलाव वापरात नसताना झाकून ठेवला तर उन्हाळ्याची घट निम्म्याहून खाली येते आणि पंधरा हजार लिटरमध्ये हंगाम निघतो.

पावसाच्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी उडते तेव्हा त्यातील क्षार मागे राहतात. वरून पुन्हा बोअरचे जड पाणी टाकले की क्षार वाढत जातात, लादीवर पांढरा थर बसतो आणि पाइप आतून अरुंद होतात. पावसाचे पाणी मऊ असल्यामुळे हा त्रास कमी होतो.

जमीन पाहूनच खड्डा

नागपूरच्या पश्चिमेला काळा बसाल्ट खडक आहे, तर पूर्वेकडे जुना स्फटिकमय खडक. वर अनेक ठिकाणी काळी कापसाची माती. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, बांधकामाला मात्र दगा देणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. या मातीत विटांचा हौज बांधून वर गिलावा केला तर एक-दोन पावसाळ्यांत तडा ठरलेलाच.

म्हणून प्रथम दोन मीटरचा चाचणीचा खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते पाहावे. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत जावे, तळाशी आणि चारी बाजूंनी मुरूम भरून ठोकावा आणि तळ व भिंती एकसंध आरसीसीच्या कराव्यात. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे आणि त्यानुसार किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट लागते. सळईचा नकाशा इंजिनिअरकडून घ्यावा. गवंड्याच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रिकामा तलाव जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. आपल्या मापाच्या तलावाचे काँक्रीट साधारण ३३ टन भरते. पावसाळ्यात भोवतालच्या मातीत काठापर्यंत पाणी साचले तर ते या पेटीला सुमारे ५१ टनांच्या जोराने वर ढकलते. तलाव भरलेला असेल तर ३३ आणि ३८ मिळून ७१ टनांचे वजन तिला दाबून ठेवते. रिकामा असेल तर ती नावेप्रमाणे उचलली जाते आणि तडकते. म्हणून साफसफाईसाठी तलाव जून ते ऑक्टोबरमध्ये कधीही रिकामा करू नये. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि भोवती खडीची निचरा-नाली ठेवावी.

काठ आवारापेक्षा अर्धा फूट उंच ठेवावा आणि पंपाची खोली खोलगट जागी बांधू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत शिरला, तेव्हा काही तासांचा पाऊस काय करू शकतो हे शहराने पाहिले आहे.

पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम

घरगुती तलावाचे सर्व पाणी सहा ते आठ तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून जावे. त्यासाठी तासाला सहा-साडेसहा हजार लिटर फेकणारा पंप पुरतो. एक एचपीचा पंप आठ तास चालला तर रोज सुमारे सहा युनिट, महिन्याला १८० युनिट वीज धरावी. आठवड्यातून एकदा गाळणी उलटी धुवावी लागते. त्यात चारशे लिटरच्या आसपास पाणी जाते. ते एक दिवस उघडे ठेवून झाडांना देता येते.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळे क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावे. तपासणीची छोटी पेटी बाजारात मिळते. आपल्या तलावात क्लोरीन एक मिलिग्रॅमने वाढवायचे तर ३३ टक्के शक्तीची सुमारे ११५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. नागपूरच्या उन्हात क्लोरीन काही तासांतच उडून जाते, म्हणून औषध संध्याकाळी सूर्य मावळल्यावर टाकावे. पावडर बादलीत कालवून वरचे निवळ पाणीच तलावात सोडावे, नाहीतर तळाशी चुना बसतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र कधीही येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या जागी आणि कुलपात असावेत.

सावलीचे कापड

हा माझ्या धंद्याच्या जवळचा विषय. ग्रीन नेट म्हणून जे विकले जाते ते सर्व एकसारखे नसते. उन्हाने सडू नये म्हणून ज्यात यूव्ही संरक्षण घातलेले असते असेच एचडीपीईचे जाळे घ्यावे. दर मीटरचा भाव विचारण्याआधी दर चौरस मीटरचे वजन विचारावे. विणीत विणलेले जाळे कापले तरी उसवत नाही. साधे आडवे-उभे विणलेले जाळे वाऱ्याने कडेपासून सुटत जाते. पश्चिम बाजूला पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीचे जाळे किंवा दाट झाडांचे कुंपण असले की लू अडते, पाणी कमी उडते आणि क्लोरीनही टिकते. मात्र झाडे अशी लावावीत की त्यांचा पाला थेट पाण्यात पडणार नाही.

तलाव झाकण्यासाठी पाण्यावर सैल ताडपत्री पसरणे धोक्याचे आहे. लहान मूल तिला जमीन समजून पाय ठेवते आणि खाली अडकते. वरून कोणालाही दिसत नाही. आच्छादन काठाला चारी बाजूंनी पक्के बांधलेले आणि वजन पेलणारे असावे.

मुलांचा जीव

आता सर्वात महत्त्वाचे. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये जगभर बुडणे हे एक आहे. बुडणारे मूल ओरडत नाही, हात मारत नाही. ते गुपचूप खाली जाते. आई फोन घेण्यास आत जाऊन येईपर्यंत सारे संपलेले असते.

म्हणून तलावाच्या चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कठडा हवा. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नये, कारण मूल घरातूनच बाहेर येते. फाटक आपोआप बंद होणारे आणि कडी वरच्या बाजूला असावी. जवळ खुर्ची किंवा कुंडी ठेवू नये. तळाच्या निचऱ्याची तोंडे दोन असावीत आणि त्यांवर फुगीर जाळी असावी, म्हणजे एकाच तोंडाच्या ओढीने केस किंवा हात अडकणार नाही. दीड मीटर खोलीत सूर मारण्यास सक्त मनाई असावी.

विजेबाबत एवढेच सांगतो की दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून आपल्याकडे माणसे मरतात. तेथे पाणी टाकीभर असते, येथे तलावभर. पंपाला अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पाण्यातील दिव्यांना १२ व्होल्ट, यात तडजोड नको.

ठेका देताना

तलाव बांधकामाच्या नकाशात दाखवून मंजुरी घ्यावी. शहरात महानगरपालिका, बाहेर एनएमआरडीए. २०२० साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आहे. आपल्या वास्तुतज्ज्ञाकडून सोडावयाच्या जागेची खात्री करून घ्यावी.

ठेकेदाराकडून एकरकमी भाव घेऊ नये. खोदाई, माती उचलणे, मुरूम, सळई, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, लादी, पंप, गाळणी, कठडा आणि कर असे वेगवेगळे लिहून घ्यावे. तीन ठिकाणचे भाव ओळीओळीने ताडून पाहावेत. स्वस्त भावात बहुधा मुरूम आणि कठडा गायब असतो. शेवटचा दहा टक्के हप्ता गळतीची चाचणी झाल्यावरच द्यावा. चाचणी सोपी आहे. बादलीत तलावाचेच पाणी भरून ती पायरीवर ठेवावी, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी खुणावी आणि एक दिवसाने पाहावे. दोन्ही सारखी उतरली तर पाणी हवेत गेले. बाहेरची अधिक उतरली तर तलाव गळतो.

हा सर्व हिशेब मांडल्यावर ज्याच्याकडे गच्चीचे पाणी आहे, रोज अर्धा तास देणारा माणूस आहे आणि कठड्यासाठी जागा आहे, त्याने खुशाल तलाव बांधावा. ज्याच्याकडे यातील एकही गोष्ट कमी आहे त्याने तीन मीटर बाय दोन मीटरचा, दोन फूट खोल हौज बांधावा. त्यात सुमारे ३,६०० लिटर पाणी लागते, मे महिन्यातही रोज साठ लिटरच उडते आणि मुले तेवढीच खूश होतात. कठडा आणि डोळ्यांत तेल घालून राखण मात्र त्यालाही लागतेच. मूल बुडायला दोन फूट पाणीही पुष्कळ झाले.