माजी सैनिकांचा दवाखाना

१ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाचा मुख्य आधार लष्करी रुग्णालयेच होती. आता एकदाच वर्गणी भरली की पती-पत्नीला आयुष्यभर उपचार मिळतात. आधी योजनेचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, मग तिथल्या चिठ्ठीवर योजनेशी जोडलेले खासगी रुग्णालय.

पण गावाकडच्यांना ही वाट लांबची पडते: शिरूरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर, दौंडहून त्याहून थोडे जास्त. पुण्यातल्या तज्ज्ञाकडे जाताना गुडघे दुखणाऱ्या सुभेदारांना नव्या चिठ्ठीचा हेलपाटा पडू नये. सुधारणा इथूनच व्हायला हवी.

जीव धोक्यात असेल तर चिठ्ठीसाठी थांबू नका. जवळच्या रुग्णालयात दाखल व्हा. ते योजनेबाहेरचे असेल, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा.