दुखत नाही, म्हणूनच दाखवा



मागच्या वर्षी एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एका ताईंच्या बोटावर मोठा फोड दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "भाकरी करताना भाजलं असंल. कळलंच नाही." बाकीच्या बायका म्हणाल्या, "हिचं ध्यान कुठं असतं काय माहीत!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पुढच्या महिन्यात त्या सही करताना दिसलं की त्यांची करंगळी वाकलेली आहे, सरळ होत नाही. तेव्हा मी गावातल्या आशाताईंना बोलावलं. खरं तर फोड दिसला त्याच दिवशी बोलवायला हवं होतं. ताईंना विचारूनच हे लिहिते आहे, नाव-गाव मात्र लिहीत नाही.

त्यांना भाजलेलं का कळलं नाही, हे समजायचं तर आधी आपल्या अंगातली मज्जासंस्था समजून घेऊ. मुलांच्या पुस्तकात तिला चेतासंस्था म्हणतात.

अंगातली वायरिंग

आपण "नस" हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. सलाईन लावतात ती नस रक्ताची असते. "नस दबली, पायाला मुंग्या आल्या" म्हणतो ती नस वेगळी, ती निरोप नेते. तिला मज्जातंतू म्हणतात. या लेखात नस म्हणजे ही दुसरी.

मज्जासंस्थेचे मुख्य तीन भाग आहेत. पहिला मेंदू, कवटीत जपून ठेवलेला. दुसरा मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांच्या आतून खाली जाणारी दोरी. ती जाडीला साधारण करंगळीएवढी असते. तिसरा भाग म्हणजे नसा. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून ३१ जोड्या. त्यांना फांद्या फुटत फुटत त्या पार बोटांच्या टोकापर्यंत जातात.

नसांची कामं प्रामुख्याने दोन. गरम, गार, टोचलं, दुखलं ही खबर आत न्यायची. आणि "उचल, धर, सोड" हा हुकूम बाहेर स्नायूंपर्यंत आणायचा. अंगाला घाम आणायचं कामही नसाच करतात.

तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो. ही खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो. "आई गं, भाजलं" हे मेंदूला त्यानंतर कळतं. म्हणजे विचार करायच्या आधीच हात वाचलेला असतो.

आता समजा डीपीवर लाईट आहे, घरातला बल्बही चांगला आहे, पण मधली वायर उंदराने कुरतडली. बल्ब लागेल का? त्या ताईंचं तसंच झालं होतं. मेंदू चांगला, हातही चांगला, पण मधली नस खराब. खबर आत गेलीच नाही, म्हणून हात मागे आला नाही.

नस कुरतडणारा आजार

नस खराब व्हायची कारणं बरीच आहेत. जुन्या शुगरमध्येही पाय बधिर होतात. या ताईंना निघाला कुष्ठरोग.

नाव वाचून पान उलटू नका. कुष्ठरोग हा जंतूमुळे होतो. हा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी शोधला. मागच्या जन्मीचं पाप, कुणाचा शाप असं यात काही नसतं. हा जंतू कातडीत आणि कातडीजवळच्या नसांमध्ये राहतो. कोपर उंबऱ्याला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे एक नस अगदी वरवर असते. हा आजार बऱ्याचदा तीच नस धरतो. म्हणून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होतं, मग वाकतं.

बोटं या आजाराने आपोआप झडत नाहीत. भाजतं, कापतं, काटा रुततो, पण दुखत नाही म्हणून आपण तसंच काम करत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. दुखणं हा आपला राखणदार आहे. राखणदारच नसला की नुकसान होतं.

काय बघायचं?

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, केस कमी झाले असतील, तर दाखवा. घरी एवढं करता येतं: डोळे मिटून बसा, दुसरीला कापसाने आधी चांगल्या कातडीला आणि मग चट्ट्याला हळूच स्पर्श करायला सांगा. जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवा. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही, तर आशाताईंना सांगा. सुई किंवा गरम वस्तू लावून बघू नका. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. कोडात स्पर्श कळतो, शिब्यांतही कळतो. पण ठरवायचं काम डॉक्टरांचं.

हाता-पायाला मुंग्या, हातातून भांडं निसटणं, चालताना चप्पल पायातून गळून पडणं, डोळा पूर्ण न मिटणं, हीसुद्धा नस दुखावल्याची लक्षणं असू शकतात.

औषध आहे, आणि फुकट आहे

सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. गोळ्यांनी लघवी लालसर होते, काहींची कातडी काळवंडते. घाबरून गोळ्या सोडू नका, काळवंडलेली कातडी गोळ्या संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. मधेच एखादी नस ठणकायला लागली, हाता-पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुकती गेलेली ताकद औषधाने परत येऊ शकते. जुनं नुकसान बहुतेक परत येत नाही.

उपचार न घेतलेल्या माणसाच्या बराच काळ जवळ राहिल्यावर श्वासावाटे हा आजार पसरू शकतो. हात धरल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पसरणं थांबतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या.

लपवायचं कशाला?

या ताईंच्या दंडावर दोन वर्षांपासून चट्टा होता. त्यांनी तो बाहीखाली झाकला. "नवऱ्याने सोडलं तर?" ही भीती. ही भीती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये संसदेने ते काढून टाकलं. म्हणजे आता या कारणाने घटस्फोट मागता येत नाही. पण झाकून ठेवलेल्या दोन वर्षांत नस गेली, ती कायद्याने परत येत नाही.

ताईंचे १२ महिने पूर्ण झाले आहेत. आजार बरा झाला. करंगळी वाकलेलीच राहिली, पण दुसरा हात शाबूत आहे. आता त्या सांडशीशिवाय तव्याला हात लावत नाहीत. अनवाणी फिरत नाहीत. रोज रात्री हात-पाय पाण्यात भिजवून तेल लावतात, तळवे उजेडात बघतात. शुगर असलेल्या ताईंनी तळवे बघायची आणि चप्पल घालायची सवय जरूर लावून घ्यावी.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. हा लेख मोठ्याने वाचा. आशाताईंना बोलवा. कुणी चट्टा दाखवला तर हसू नका, दूर सरकू नका, तिच्यासोबत उपकेंद्रापर्यंत जा. आणि कुणी "भाजलं, पण कळलंच नाही" म्हणाली, तर मी केली ती चूक तुम्ही करू नका.