बाळाला भरवणारे हात



गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या माडिया किंवा गोंड गावात तुम्ही मार्च-एप्रिल महिन्यांत गेलात, तर भल्या पहाटे घरे ओस पडलेली दिसतील. मोहाची फुले पहाटेच गळून पडतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचायची म्हणून बायामाणसे टोपल्या घेऊन रानात गेलेली असतात. मे महिन्यात तेंदूची पाने तोडण्याचा हंगाम येतो, तेव्हाही हेच. मग घरातल्या तान्ह्या मुलाकडे कोण पाहते? म्हातारी आजी, नाही तर दहाबारा वर्षांची थोरली बहीण. कदाचित हे वाचणाऱ्यांपैकीच कोणी तरी!

समजा, अशीच एक बहीण घरी आहे. दीड वर्षाच्या भावाने अंगणात शी केली. तिने ती उचलून टाकली, त्याला धुतले, लोटाभर पाण्यात स्वतःचे हात बुचकळले आणि ते फ्रॉकला पुसले. थोड्या वेळाने भाऊ भुकेने रडू लागला, तेव्हा तिने मऊ भात बोटांनी कालवून त्याला मायेने भरवला. दोन दिवसांनी त्याला जुलाब सुरू झाले.

तिचे काय चुकले? हात तर तिने धुतले होते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे जंतुशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि थोडा माणसाचा स्वभावही पाहावा लागेल.

एका मिलिमीटरात पाचशे

आतड्यात राहणारा एक सामान्य जीवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांब असतो. असे ५०० जीवाणू एकापुढे एक ठेवले, तर कुठे तुमच्या मोजपट्टीवरचा एक मिलिमीटर भरेल. म्हणून हात डोळ्यांना स्वच्छ दिसतात, एवढ्याने ते स्वच्छ ठरत नाहीत. नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत लाखो जंतू आरामात राहू शकतात. शिगेला नावाच्या, रक्ताची हगवण घडवणाऱ्या जीवाणूंचे तर अवघे १० ते १०० जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तान्ह्या मुलाची शी ती काय, तिने काय होते?’ असे गावात म्हणतात आणि शहरातही म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. लहान मुलांना जुलाब वारंवार होतात, त्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतू असण्याचा संभव मोठ्यांपेक्षा कमी तर नसतोच, पुष्कळदा जास्तच असतो.

जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. मोठा माणूस हे काही काळ सोसतो. बाळाचे शरीर लहान आणि पाण्याचा साठा थोडा, त्यामुळे काही तासांतच त्याचे डोळे खोल जातात आणि ते मलूल होते. जगात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले अतिसाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जुलाब सुरू होताच बाळाला क्षारसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि आरोग्य केंद्रात न्यावे, हे तर खरेच. पण जंतूंना वाटेतच अडवले, तर ही वेळच टळू शकते. ती वाट बहुधा बोटांवरून जाते.

नुसते पाणी का पुरत नाही?

हा प्रयोग घरी करून पाहा. तळहातांवर खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्या आणि त्यात दिव्याची थोडी काजळी मिसळून हातभर चोळा. आता नुसत्या पाण्याने हात धुऊन पांढऱ्या फडक्याला पुसा. फडके काळे होईल. मग साबण लावून बोटांच्या बेचक्यांसह २० सेकंद चोळा, पाण्याची धार सोडा आणि पुन्हा पुसा. फरक तुम्हालाच दिसेल.

आपल्या त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो. मळ आणि जंतू त्याला चिकटून बसतात. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, म्हणून पाणी वरून वाहून जाते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलाकडे. हे रेणू तेलाच्या कणांभोवती गोळा होतात, त्यांना त्वचेपासून सोडवतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. म्हणजे साबणाचे मुख्य काम जंतूंना मारण्याचे नसून त्यांना हातावरून काढून टाकण्याचे आहे. म्हणून महागडा सुवासिक साबणच हवा असे नाही, साधी वडीही चालते. चोळणे आणि वाहते पाणी या दोन गोष्टी मात्र हव्यात. भांड्यात हात बुचकळले, तर निघालेले जंतू त्याच पाण्यात राहतात. मळक्या कपड्याला पुसले, तर नवे चिकटतात. धुतलेले हात झटकून वाऱ्यावर वाळवणे चांगले.

व्हिएन्नाचे डॉक्टर

‘एवढी साधी गोष्ट आदिवासी बायकांना कशी कळत नाही?’ असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्याने पुढील हकीकत अवश्य वाचावी.

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले, की हे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने सर्वांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरांमागे सुमारे १८ स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये तो आकडा सुमारे २ वर आला.

डॉक्टरमंडळींनी त्याचा जयजयकार केला असेल, असे वाटते ना? नाही. ‘आमच्या हातांनी रोग पसरतो काय?’ म्हणून अनेक नामवंत डॉक्टर रागावले. युरोपातल्या विद्वानांनाही हात धुण्याची सवय लागायला कित्येक वर्षे गेली. मग ज्या आईला पाणी दूरच्या हातपंपावरून किंवा नाल्यावरून आणावे लागते आणि साबणाची वडी आठवडी बाजारातूनच मिळते, तिला बोल लावण्याचा आपल्याला काय अधिकार? तिचे शेणाने सारवलेले अंगण आणि घासलेली भांडी पाहिलीत, तर स्वच्छतेची आवड तिला कोणी शिकवण्याची गरज नाही, हे पटेल.

कळते, पण वळत नाही

साबणाने हात धुवावेत हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. तरी सवय का लागत नाही? आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्याच्या १४ गावांत याचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला हात धुणे अत्यावश्यक असलेल्या शंभर प्रसंगांपैकी जेमतेम एकदोन वेळा साबण वापरला जाई. मग निम्म्या गावांत मोहीम काढण्यात आली. तिचा भर जंतू आणि रोग यांच्या व्याख्यानांवर नव्हता. किळस या भावनेवर आणि मुलाला चांगले वळण लावणाऱ्या आईच्या अभिमानावर बेतलेल्या गोष्टी व खेळ दाखवण्यात आले. सहा महिन्यांनी त्या गावांत साबणाचा वापर शंभरांत ३७ वर गेला. उरलेल्या गावांत तो ६ च होता.

यातून दोन धडे मिळतात. भीती घालण्यापेक्षा माया जागी करणे बरे. आणि ३७ म्हणजे १०० नव्हेत, सवय सावकाशच लागते.

गडचिरोलीतील अनुभव

आपल्या महाराष्ट्रातही एक मोलाचा प्रयोग झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. १९९५ पासून त्या घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. बाळाला ऊब देणे, स्तनपान, वजन करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे आणि स्वच्छता हे सारे त्यात होते. पूर्वी तिथे हजारातील सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये ही संख्या सुमारे २५ झाली. हे श्रेय एकट्या हात धुण्याचे नव्हे, अनेक गोष्टींचे आहे. पण सांगणारी बाई आपल्यातलीच, आपल्याच बोलीत बोलणारी, आणि बाळाला उचलण्याआधी स्वतः हात धुणारी असली, की शब्दापेक्षा कृती अधिक बोलते. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या अशा गृहभेटी देऊ लागल्या.

शास्त्राने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत हात धुण्याच्या मोहिमेने बांगलादेशात मुलांचे जुलाब कमी झाले, पण केनियात झाले नाहीत. म्हणजे शुद्ध पाणी, संडास आणि पोटभर अन्न यांची जागा साबणाची वडी घेऊ शकत नाही. त्यांची मागणी चालूच ठेवायला हवी.

तुम्ही काय करू शकता?

पाणी आणि साबण एकाच जागी, संडासाजवळ व चुलीजवळ असले, तर हात आपोआप तिकडे वळतात. त्यासाठी पायाने चालणारा नळ बनवा. पाच लिटरच्या डब्याला तोंडाच्या थोडे खाली, तापवलेल्या खिळ्याने छिद्र पाडा. दोन बेचक्यांच्या खांबांवर आडवी काठी ठेवून तिला डबा मुठीने अडकवा. डब्याच्या मानेला दोरी बांधा आणि तिचे दुसरे टोक जमिनीलगतच्या एका काठीला बांधा. काठी पायाने दाबली की डबा कलतो आणि बारीक धार लागते. पाय काढला की गुरुत्वमध्य पुन्हा टांगण्याच्या बिंदूखाली येऊन डबा सरळ होतो. हाताला काहीच शिवावे लागत नाही. साबणाची वडी जाळीत घालून शेजारी टांगा आणि चिखल होऊ नये म्हणून खाली खडी पसरा. लोट्याने हात धुताना किती पाणी लागते आणि या नळाने किती, हे मापून वहीत लिहा.

साबण परवडत नसेल, तर दीड लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम धुण्याची पूड विरघळवून, झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत ठेवावी. ती बरेच दिवस पुरते. मात्र बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. काहीच नसेल, तर चुलीतली स्वच्छ, गार राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी.

आणि वेळा लक्षात ठेवा: शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बाळाला भरवण्यापूर्वी.

शिक्षकांनी आश्रमशाळेत असा नळ मुलांकडूनच करवून घ्यावा. सुटीत घरी जाणारी मुलगी तो अंगणात उभा करील, आजी प्रथम हसेल, मग पाय ठेवून पाहील. आपल्या गोष्टीतल्या बहिणीची माया कमी नव्हती. तिच्यापाशी फक्त साबण आणि धार नव्हती, आणि तेवढी सोय करणे तुमच्या आवाक्यातले आहे.