विकीवरची यंत्राची पानं

वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५मध्ये 'विकीविकीवेब' सुरू केलं. कुणीही यावं, पान उघडावं, त्यात भर घालावी, अशी मुभा तिथे होती. पुढच्याच वर्षी जावा भाषेची पहिली अधिकृत आवृत्ती आली आणि तिच्यासोबत 'जावाडॉक'. कोडमध्येच ठरावीक पद्धतीने टिपा लिहायच्या, त्यांची पानं आपोआप तयार होणार. दोघांचा स्वभाव अगदी उलटा. विकीचा भरवसा माणसांवर, जावाडॉकचा कोडवर. पुढे दोन्ही एकाच ठिकाणी नांदू लागले, आणि मला वाटतं, टीमच्या विकीवर डॉक्युमेंटेशन सुरक्षितपणे चढवण्याचे बहुतेक प्रश्न या सांध्यावरच उभे राहिले.

बराच काळ हा सांधा नव्हताच. १९९७च्या डॉक्सिजन या तशाच साधनाने तयार केलेली पानं आपल्या वेगळ्या फोल्डरात पडून असत. २००४मध्ये कॉन्फ्लुएन्स हे कंपन्यांसाठीचं विकी आलं. पुढे ते अनेक कंपन्यांत रुजलं, तेव्हा सुट्ट्यांच्या यादीपासून सर्व्हर बंद पडल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळं विकीवर जाऊ लागलं. मग एपीआयची माहितीच तेवढी बाहेर का ठेवायची? कुणीतरी स्क्रिप्ट लिहिली, तिला विकीवर लिहिण्यासाठी टोकन, म्हणजे गुप्त किल्ली दिली, आणि ती रोज रात्री पानं बदलू लागली.

पहिला घाव माणसांच्या लिखाणावर पडला. टेस्टिंग करणाऱ्याने दुपारी पानावर लिहावं, 'ही किंमत रिकामी पाठवली तर सेवा कोसळते,' आणि सकाळी ते वाक्य गायब झालेलं असावं. कॉन्फ्लुएन्सने यावर उपाय ठेवला आहे. पान बदलताना पुढचा आवृत्ती क्रमांक सांगावा लागतो, तो चुकला की बदल नाकारला जातो. पण स्क्रिप्ट सरळ ताजा क्रमांक विचारते, त्यात एक मिळवते आणि पान चढवते. नियम पाळला जातो, वाक्य मात्र जातंच. म्हणून यंत्राच्या पानांची शाखाच वेगळी ठेवावी, तिथे बदलाचा हक्क फक्त स्क्रिप्टच्या खात्याला द्यावा आणि माणसांच्या टिपा शेजारच्या स्वतंत्र पानावर असाव्यात, ही रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. त्या खात्याला बाकी विकीवर लिहिण्याचा हक्क असण्याचं काहीच कारण नाही.

जून २०१३मध्ये वेगळंच काही उघड झालं. जावाडॉकने तयार केलेल्या पानांतच दोष होता. खास रचलेल्या लिंकवरून ते पान उघडलं की त्याच्या चौकटीत परकं, घातक पान येऊ शकत होतं. ओरॅकलने जावाडॉक दुरुस्त केलं, पण आधी तयार होऊन सर्व्हरांवर चढलेल्या पानांचं काय? त्यांच्यासाठी वेगळं दुरुस्ती-साधन द्यावं लागलं. आपल्याच कोडमधून निघालेलं एचटीएमएल निर्धोक असतं, ही समजूत तिथे मोडायला हवी होती. अजूनही कुणी सोयीसाठी विकीवर कच्चं एचटीएमएल चालू करून देतं, तेव्हा मला काळजी वाटते.

गुपितं फुटण्याचा मार्ग त्याहून साधा आहे. पायथनसाठी पानं तयार करणारं स्फिंक्स २००८मध्ये आलं. त्याचं ऑटोडॉक माहिती काढण्यासाठी कोड प्रत्यक्ष इंपोर्ट करतं, म्हणजे चालवतं. फंक्शनच्या पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत एन्व्हायर्नमेंटमधून घेतली असेल, तर बिल्डच्या मशीनवरची खरी किंमत, अगदी टोकनसुद्धा, पानावर उमटू शकते. डिफॉल्ट किंमत मूळ कोडमध्ये लिहिली आहे तशीच दाखवण्याची सोय २०२१मध्ये, स्फिंक्सच्या चौथ्या आवृत्तीत आली. विकीवर असं टोकन उमटलं तर पान दुरुस्त करून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ते तसंच राहतं. टोकन आधी रद्द करायचं, साफसफाई नंतर.

आणि आतला विकी म्हणजे आपल्यापुरता, हा समज २०२२च्या जुलैने खोटा ठरवला. कॉन्फ्लुएन्सच्या एका जोड-ॲपने तयार केलेल्या खात्याचा पासवर्ड प्रोग्राममध्येच कायमचा लिहिलेला निघाला, आणि तो लवकरच जगजाहीर झाला. ॲप काढून टाकलं तरी खातं उरत होतं. वेगळे निर्बंध नसलेली सारी पानं त्या खात्याला खुली होती. विकीवर काय चढवायचं हे ठरवताना ते कधीतरी बाहेरचाही वाचेल, असं धरूनच चालावं लागतं.

गेल्या काही वर्षांत पानं भाषेची मॉडेलं लिहू लागली. जुनं साधन त्याच कोडवरून तेच पान देई, त्यामुळे कालच्या आणि आजच्या पानातला फरक अर्थपूर्ण असे. मॉडेल दर वेळी शब्द बदलतं, खरा बदल त्या गर्दीत हरवतो. शिवाय अस्तित्वात नसलेला पॅरामीटरही ते आत्मविश्वासाने समजावून सांगतं. म्हणून मसुदा कोडसोबत रिव्ह्यूला जावा आणि मंजुरीनंतरच स्क्रिप्टने तो विकीवर न्यावा, असा माझा आग्रह आहे. उदाहरणं आधी चालवून पाहता येतात, पायथनमध्ये डॉकटेस्ट २००१पासून तेच करतं. उदाहरणांभोवतीची वाक्यं मात्र कुठलंच साधन खात्रीने तपासत नाही. ती कोड लिहिणाऱ्यानेच वाचावीत आणि पानावर त्याचं नाव असावं.