एमआरआयच्या खोलीत भोंगा कशासाठी?

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा की रामदासपेठेतल्या एखाद्या केंद्रात, एमआरआयआधी अंगठी, घड्याळ, नाणी काढून ठेवावी लागतात. यंत्रातला चुंबक रात्रंदिवस चालू असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण याच चुंबकाच्या ओढीने प्राणाला मुकला.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. चुंबकाच्या तारेची गुंडाळी उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेली असते. गुंडाळी अचानक तापली, तर हेलियम भसकन उकळतो आणि एका लिटरचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो. तो थेट इमारतीबाहेर सोडणारा जाड नळ असतो. त्याच्या तोंडाशी पक्ष्यांनी घरटं केलं किंवा आत पाणी साचलं, की वायू खोलीत उलटतो.

हेलियम विषारी नाही. तो प्राणवायूची जागा घेतो. गुदमरल्याची जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने. इथे कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर पडतच राहतो. त्यामुळे धाप न लागताच माणूस कोसळतो.

म्हणून प्राणवायू कमी होताच भोंगा वाजवणारा मापक हवाच. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के, तो 19.5 च्या खाली घसरणं धोक्याचं. हेलियम हलका, छताशी जमतो, त्यामुळे हवा खेचणारा पंखा उंचावर लागतो. दार बाहेर उघडणारं बरं. आत उघडणारं वाढलेल्या दाबाने उघडतच नाही.

रुग्णालयांनी तो नळ पावसाळ्याआधी तपासून घ्यावा. आणि तुम्ही तिथे असताना भोंगा वाजला, तर सामान गोळा करत बसू नका. तंत्रज्ञ सांगेल तसे लगेच बाहेर पडा.