थर्मामीटर आणि घाम

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण शाळेत विज्ञान मराठीतून शिकता. पुढे अकरावीला शास्त्र शाखेत गेलात, की तेच विज्ञान इंग्रजीतून समोर येते. तापमापीचा थर्मामीटर होतो, परिमितीची पेरिमीटर होते, आणि हुशार मुलांनाही वाटू लागते, की आपले मराठी आता कुचकामी ठरले. मग सुरू होते घोकंपट्टी! ती बरीचशी टाळता येते. कशी, ते पाहू या.

विज्ञानातील पुष्कळशा इंग्रजी संज्ञा मुळात इंग्रजी नाहीतच. ग्रीक व लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून त्या बनविलेल्या आहेत. 'थर्मामीटर' हा शब्द फोडून पाहा. ग्रीक भाषेत 'थर्मोस' म्हणजे उष्ण आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप. आता 'तापमापी' फोडा: ताप आणि मापी. दोन्ही शब्दांची बांधणी एकच!

पण गोष्ट येथेच संपत नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी असे मत मांडले, की संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्यातील साम्य केवळ योगायोगाचे नाही. या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते पुराव्यानिशी सिद्ध केले. ग्रीक 'थर्मोस' आणि संस्कृत 'घर्म' हे एकाच कुळातले शब्द आहेत. 'घर्म' म्हणजे उष्णता. त्यापासूनच आपला 'घाम' आला! 'मेट्रॉन'चे नातलग आपल्याकडे 'मात्रा' आणि 'मिती'. 'पेरि' म्हणजे भोवती, तोच आपला 'परि'. म्हणजे पेरिमीटर आणि परिमिती यांचे दोन्ही तुकडे एकमेकांच्या नात्यातले आहेत.

घरातल्या विजेच्या इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो. 'थर्मो' आता तुम्हाला ठाऊक आहे. 'स्टॅट' हा आपल्या 'स्थिर'चा भाऊबंद. तेव्हा थर्मोस्टॅट म्हणजे तापमान जवळजवळ स्थिर राखणारे साधन. इस्त्री पुरेशी तापली, की तो वीज तोडतो. निवू लागली, की पुन्हा जोडतो. शब्द फोडला आणि उपकरणाचे कार्यही कळले!

मात्र दोन बाबतींत सावध राहायला हवे. पहिली बाब म्हणजे, सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. इंग्रजी 'बॅड' म्हणजे वाईट आणि 'बदनाम'मधील 'बद' म्हणजेही वाईट; पण हा 'बद' फारसीतून आला असून त्याचा 'बॅड'शी काही संबंध नाही. म्हणून शब्दाचे मूळ तर्काने ठरवू नका; चांगल्या शब्दकोशात पाहा.

दुसरी बाब अशी, की मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. 'ॲटम'मधील 'अ' हा 'अशक्य'मधील 'अ'सारखाच नकारार्थी आहे. ॲटम म्हणजे जो कापता येत नाही असा. पण १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि अणूच्या आतही त्याच्याहून लहान कण असल्याचे दिसून आले. नाव मात्र तेच राहिले. नाव देणाऱ्याच्या मनात काय होते एवढेच मूळ सांगते. आज त्या शब्दाचा अर्थ काय, ते त्याच्या वापरावरूनच कळते.

म्हणून एक वही करा. पानाचे चार रकाने पाडा: इंग्रजी शब्द, त्याचे तुकडे, त्यांचे मराठी नातलग, आणि चौथ्यात तो शब्द वापरून घरातल्या किंवा शाळेतल्या गोष्टीविषयी तुम्ही स्वतः रचलेले एक इंग्रजी वाक्य. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. वाक्यात वापरलेला शब्दच तोंडात बसतो. रोज दोनच शब्द घेतलेत, तरी वर्षात सातशेहून अधिक होतील.

आता एक शब्द तुमच्यासाठी. मायक्रोस्कोप तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला असेल. त्यातील 'स्कोप' म्हणजे पाहण्याचे साधन. 'पेरि' आपण वर पाहिलाच. मग पाण्याखालच्या पाणबुडीतील खलाशी पेरिस्कोप कशासाठी वापरत असतील, ते शब्दकोश न उघडता सांगा पाहू!