बोटाच्या ठशात स्वभाव शोधू नका

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून एका वाचकाचे पत्र आले आहे. मुलाच्या शाळेत 'डीएमआयटी' नावाच्या चाचणीची पत्रके वाटली गेली. दहा बोटांचे ठसे द्या, मुलाचा जन्मजात स्वभाव, हुशारी, पुढची लाइन, सगळे सांगतो, असा दावा. करावी का? जाता जाता त्यांनी लिहिले आहे की ते स्वतः बफिंगचे, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून चकचकीत करण्याचे, काम करतात आणि रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा लागत नाही.

अंगठ्याचे आधी. बोटांवरची नक्षी गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास पक्की होते. चाकावर ती झिजते, पण खोल जखम नसेल तर हाताला विश्रांती मिळताच पुन्हा तशीच उगवते. गाव सोडून नाशिकला येणे, रात्रपाळ्या, लग्न, आजारपण यांपैकी काहीही तिच्यात उतरत नाही. त्या रेषांवरून मेंदूचा कोणता भाग तल्लख, हे सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही 2019 मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

बरे, जन्मजात सगळे सारखे असले तरी काय होते? मेंदूशास्त्रज्ञ गेर्ड केम्परमान आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापलेला प्रयोग पाहा. जनुके एकसारखी असलेल्या 40 उंदरिणी पाच मजली चाळीसारख्या एका मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने ठेवल्या. खाणे तेच, खेळणी तीच. तरीही काही सगळीकडे हुंदडू लागल्या, काही ठरावीक कोपऱ्यांत रमल्या, आणि हा फरक दिवसागणिक वाढत गेला. जास्त भटकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशीही जास्त निघाल्या. (भटकल्यामुळे पेशी वाढल्या की पेशींमुळे भटकल्या, हे यातून सिद्ध होत नाही. 'मुलांना फिरवा, मेंदू वाढवा' असे पत्रक कृपया कुणी काढू नये!)

या विषयात मला खरे कौतुक मेंदूशास्त्रज्ञ मॅरियन डायमंडबाईंचे. अनुभवाने मेंदूची जडणघडणच बदलते, हे बर्कलीत सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या मेंदूचे काप मोजून त्यांनी दाखवले. 1964 च्या त्या शोधनिबंधाच्या मसुद्यावर मात्र दोन पुरुष सहकाऱ्यांची नावे पुढे आणि बाईंचे मागे, तेही कंसात! कंसात का, असे त्यांनी विचारले. छापताना नाव पहिले आले. पुढे एका परिषदेत त्यांचे भाषण संपताच मागून एक गृहस्थ गरजले की मेंदू बदलू शकतच नाही. बाई बधल्या नाहीत; आकडे त्यांच्या बाजूने होते.

तेव्हा चाचणी करू नका. पालकसभेत ही चाचणीवाली मंडळी आलीच, तर ठशांचा स्वभावाशी संबंध दाखवणारा शोधनिबंध मागा आणि तो हातात पडेपर्यंत पाकीट काढू नका.